जकात गेली, घरपट्टी उरली : परभणी जिल्ह्यातल्या पालिका आणि गावकुसाबाहेरचं रान

नगरपालिकेचा इतिहास म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे नगराध्यक्षांच्या नावांचा फलक येतो. कोण कधी निवडून आलं, कुणी कुणाला पाडलं, याच्या गप्पा आपण पुष्कळ मारतो. आज आपण वेगळीकडून बघू. पालिकेच्या कचेरीत दोन कागद असतात. एक कर आकारणीची यादी आणि दुसरा विकास आराखड्याचा नकाशा. पहिल्यात आपलं घर असतं, दुसऱ्यात गावाबाहेरचं रान. हे दोन कागद एकमेकांशी कसे बांधले गेले, हा आजचा विषय.

सुरुवात निजामाच्या काळापासून करावी लागते. परभणी जिल्हा हैदराबाद संस्थानात होता. जिल्ह्याचा कारभार अव्वल तालुकदार पाहायचा. सरकारचं मुख्य उत्पन्न जमीन महसुलाचं, आणि मालावरचा जो कर, म्हणजे करोडगिरी, तोही संस्थानच्याच खजिन्यात जायचा. स्थानिक कामांसाठी होता तो लोकल फंड, म्हणजे शेतसाऱ्याच्या रुपयामागे आणा. आता यातली गंमत बघा. कसब्यातला दिवा आणि पेठेतला रस्ता बऱ्याच अंशी शेतकऱ्याच्या आण्यावर चालत होता. गाव स्वतः कर बसवतंय, त्याचा हिशेब मागतंय, ही सवय आपल्याकडे उशिरा आली. ब्रिटिश मुंबई इलाख्यात 1901 चा जिल्हा नगरपालिका कायदा होता, निवडून आलेले सभासद होते, भांडणंही होती. आपल्याकडे ती शाळा उशिरा भरली.

मधल्या काळात 1900 च्या सुमारास मनमाड–सिकंदराबाद रेल्वे सुरू झाली. परभणी, सेलू, पूर्णा ही गावं त्या रुळांवर आली. मानवतला स्टेशन मिळालं ते गावापासून दूर, म्हणून त्याचं नाव मानवत रोड. कापसाचा व्यापार वाढला. जिनिंग, अडती, गोदामं आली आणि गावं स्टेशनच्या दिशेनं सरकू लागली.

1948 ला पोलीस कारवाई झाली. 1956 साली हैदराबाद जिल्हा नगरपालिका कायदा आला, आणि त्याच वर्षी 1 नोव्हेंबरला मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात गेला. पुढे 1960 ला महाराष्ट्र झाला. तेव्हा राज्यात पालिकांचे कायदे तीन तऱ्हेचे होते. पश्चिम महाराष्ट्राचे वेगळे, विदर्भाचा वेगळा, आपला वेगळा. ते सगळे मोडून 1965 चा महाराष्ट्र नगरपरिषद अधिनियम झाला. जिंतूर असो की गंगाखेड, कराचे अधिकार आता सगळ्यांना सारखे.

त्या अधिकारांत वजनदार असे दोनच होते, जकात आणि घरपट्टी. जकातीचं काम सोपं होतं. गावाच्या तोंडाशी नाका, आडवा बांबू, ट्रक थांबला की पावती. मानवत, सेलूसारख्या बाजारपेठेच्या गावांत माल रोजच यायचा, त्यामुळे रोकड रोज. नाक्यावरच्या रांगा, चिरीमिरी, व्यापाऱ्यांचे मोर्चे हेही रोजचंच. शिवाय साखरेच्या पोत्यावरचा कर शेवटी गिऱ्हाईकाच्याच पुडीत बसायचा, श्रीमंताच्या आणि गरिबाच्याही. म्हणून जकातीसाठी रडण्याचं कारण नाही. पण ती गेल्यावर काय झालं, हे समजून घेण्याचं कारण आहे.

1 जुलै 1999 पासून नगरपरिषदांच्या हद्दीतली जकात बंद झाली आणि तिच्या बदल्यात राज्य सरकारचं अनुदान सुरू झालं. परभणी शहरही तेव्हा नगरपरिषदच होतं. 1 नोव्हेंबर 2011 ला महापालिका झाली, तेव्हा लोकसंख्या होती 3 लाख 7 हजार. मग स्थानिक संस्था कर आला, म्हणजे एलबीटी. व्यापाऱ्यांनी विरोध केला. ऑगस्ट 2015 मध्ये 50 कोटींच्या आतल्या उलाढालीला तो माफ झाला आणि 1 जुलै 2017 ला जीएसटीनं उरलासुरला संपवला. व्यापारावरचा स्थानिक कर गेला आणि त्या जागी मुंबईहून येणारा हप्ता आला. पालिकेच्या हातात स्वतःची म्हणावी अशी मोठी बाब एकच राहिली, घरपट्टी.

आता घरपट्टीचं बघू. जुन्या पद्धतीत घर वर्षाला किती भाड्यानं जाईल त्यावरून करयोग्य मूल्य काढायचं, त्यातून दुरुस्तीपोटी 10 टक्के वजा करायचे आणि उरलेल्यावर कर बसवायचा. कायदा सांगतो, निदान चार वर्षांनी नवी आकारणी यादी करा. पण निवडणूक तोंडावर असताना घरपट्टी वाढवायला कोण धजेल? यादी लांबते. मग कधीतरी एकदम फेरआकारणी होते, नोटिसा येतात आणि गावात बोंब उठते. दोष वाढीचा जेवढा, तेवढाच ती इतकी वर्षं दाबून ठेवल्याचाही असतो.

शिवाय सगळीच जमीन कराखाली येत नाही. पूर्णा हे रेल्वेचं गाव. राज्यघटनेच्या 285 व्या अनुच्छेदानं केंद्र सरकारच्या मालमत्तेवर पालिकेला कर बसवता येत नाही. 2009 मध्ये राजकोट महापालिकेच्या प्रकरणात सेवाशुल्काचा मार्ग सर्वोच्च न्यायालयात मान्य झाला. पण सेवाशुल्क म्हणजे कर नव्हे, तो करार करून मिळवावा लागतो. परभणीत एका अंगाला कृषी विद्यापीठाची जमीन आहे. 1918 साली तिथे प्रयोगक्षेत्र सुरू झालं, 1972 ला विद्यापीठ झालं. ती शेती टिकली हे चांगलंच, पण त्यामुळे शहर दुसऱ्या बाजूंनी पसरणार हेही ठरून गेलं.

म्हणजे पालिकेला उत्पन्न वाढवायचं तर घरं वाढली पाहिजेत, आणि घरं वाढायची तर रान पाहिजे. इथे दुसरा कागद येतो. 1966 चा नगररचना कायदा सांगतो, विकास आराखडा करा, रस्ते, शाळा, मैदानं, बाजार यांची आरक्षणं दाखवा, आणि साधारण 20 वर्षांनी तो सुधारा. ज्या शेतावर आराखड्यात पिवळा रंग बसला, म्हणजे रहिवास, त्याचा भाव उद्या वेगळा. शेजारच्या शेतावर हिरवा राहिला, तर तो शेतकरी आपल्या नशिबाला बोल लावतो. ज्याच्या शेतावर मैदानाचं आरक्षण पडलं, तो वर्षानुवर्षं ना विकू शकतो, ना बांधू शकतो. 10 वर्षांत जागा घेतली नाही तर कलम 127 खाली तो नोटीस देतो. पुढच्या 24 महिन्यांत पालिकेनं संपादनाचं पाऊल उचललं नाही, तर आरक्षण जातं. पाऊल उचलायला पैसा लागतो. घरपट्टी थकलेल्या पालिकेकडे तो कुठून येणार? इथे दोन्ही कागद एकमेकांना भिडतात. न वाढवलेल्या, न वसूल केलेल्या करापायी गावाचं मैदान जातं. ते कुणाच्या ठरावानं जात नाही, मुदत उलटून जातं.

जे आराखड्याची वाट बघत नाहीत, ते गुंठ्यांनी विकतात. स्टॅम्पवर सौदा, चुन्याच्या रेघा, झालं प्लॉटिंग. घेणारे कोण? खेड्यातून मुलांच्या शिक्षणासाठी आलेले, हमाल, शिक्षक, मिस्त्री. 2001 च्या गुंठेवारी कायद्यानं 1 जानेवारी 2001 पूर्वीची अशी वस्ती नियमित करायची सोय केली. 2021 मध्ये ती मुदत 31 डिसेंबर 2020 पर्यंत आणली. त्या माणसांना दिलासा मिळाला, तो मिळायलाच हवा होता. पण नाली, रस्ता, पाणी यांची जागा आधी सोडलेली नसेल, तर नियमित करूनही ती कुठून येणार? आणि जायकवाडीच्या डाव्या कालव्यानं भिजणारी काळी जमीन एकदा प्लॉटखाली गेली की पुन्हा वखराखाली येत नाही.

शेवटचा मुद्दा. कायद्यानं नागरिकाला दोन वेळा बोलायला बोलावलं आहे. कर आकारणीची यादी लागली की हरकतीला किमान 30 दिवस, आणि प्रारूप विकास आराखडा प्रसिद्ध झाला की हरकतीला 30 दिवस. पहिल्या 30 दिवसांत कचेरीत पाय ठेवायला जागा नसते. दुसऱ्या 30 दिवसांत येतात ते बहुधा ज्यांची जमीन आहे ते, आणि ज्यांना ती घ्यायची आहे ते. आपण भांडतो दोनशे रुपयांच्या वाढीसाठी. नातवंडांचं मैदान कुठे असावं, हे मात्र भिंतीवरच्या नकाशात ठरून जातं. 2021-22 नंतर पालिकांच्या मुदती संपल्या, नगरपरिषदांच्या निवडणुका डिसेंबर 2025 पर्यंत लांबल्या, तोवर कारभार प्रशासकाकडे होता. ठराव मांडणारा आणि मंजूर करणारा एकच. अशा काळात तर ते 30 दिवस हेच आपलं सभागृह होतं.

आता सभागृहं पुन्हा भरली आहेत. तेव्हा आपण एवढं करू या. आपल्या गावचा आराखडा कोणत्या वर्षी मंजूर झाला, त्यातली किती आरक्षणं ताब्यात आली आणि किती मुदतीबाहेर गेली, हे वॉर्डातल्या नगरसेवकाला विचारू. आणि विचारायला जाताना घरपट्टीची चालू सालाची पावती खिशात ठेवू.