एक गीत, अनेक चाली

भगिनींनो, दोन वर्षांमागे मंडळाच्या सभेत माझी जी फजिती झाली ती आपणांपैकी पुष्कळजणींना आठवत असेल. प्रारंभी ‘वंदे मातरम्’ म्हणावयाचे होते. मी पेटीवर बसले आणि सिनेमातल्या चालीने सुरुवात केली. मागच्या भगिनींनी आकाशवाणीवरची देस रागातली चाल उचलली, आणि समोरच्या काकूंनी त्यांच्या शाळेतली तिसरीच! दुसऱ्या ओळीलाच सगळ्या गप्प. पाहुण्या बाई पदर तोंडाशी धरून बसल्या होत्या. त्या रात्री मला झोप आली नाही. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे, पण तेव्हापासून मिळेल तिथून वाचून-ऐकून मी ह्या चालींचा माग काढीत आहे.

बंकिमचंद्रांच्या ‘आनंदमठ’ कादंबरीतून हे गीत 1882 साली लोकांपुढे आले. 1896 साली कलकत्त्याच्या काँग्रेसमध्ये ते रवींद्रनाथांनी गायिले. आपल्याकडे ते गाजविले पं. विष्णु दिगंबर पलुसकरांनी, काफी रागात. 1923 साली काकिनाड्याच्या अधिवेशनात अध्यक्षांनी गायनास हरकत घेतली, तरी बुवांनी गीत पुरे केलेच. त्यांचे शिष्य पं. ओंकारनाथ ठाकूर 15 ऑगस्ट 1947 च्या सकाळी आकाशवाणीवर गायिले. त्यांची ध्वनिमुद्रिका ऐकावी आणि हात जोडावेत. पण बरोबर म्हणू गेले तर माझा श्वास अर्ध्यात संपतो!

नेमकी हीच अडचण मास्टर कृष्णराव फुलंब्रीकरांनी ओळखली. भास्करबुवा बखल्यांचे हे शिष्य. प्रभातच्या ‘माणूस’, ‘शेजारी’ चित्रपटांचे संगीत त्यांचेच. हे गीत समूहाने म्हणता येत नाही, बँडवर वाजत नाही, असा आक्षेप तेव्हा घेतला जाई. मास्तरांनी झिंझोटीत सोपी चाल बांधली, ती बँडवर बसवून घेतली आणि दिल्लीस जाऊन घटना समितीच्या सभासदांना ऐकविली. एवढा मोठा गवई, पण आपल्या ताना बाजूला ठेवून चारचौघांच्या गळ्याचा विचार करीत बसला, ह्याचे मला फार अप्रूप वाटते.

24 जानेवारी 1950 रोजी डॉ. राजेंद्रप्रसादांनी ‘जन गण मन’ हे राष्ट्रगीत म्हणून जाहीर केले आणि ‘वंदे मातरम्’ला त्याच्या बरोबरीचा मान दिला. ‘जन गण मन’चे शब्द आणि चाल दोन्ही ठरली; ‘वंदे मातरम्’च्या चालीचा त्यात उल्लेख नव्हता. मास्तरांना काय वाटले असेल!

पुढे 1952 साली ‘आनंदमठ’ चित्रपट निघाला. हेमंतकुमारांची ती चाल लढाईवर निघाल्यासारखी, आणि लताबाईंचा आवाज. माझ्या कानात बसली होती ती हीच. ऐकताना अंगावर काटा येतो, पण वरच्या सुरांना आम्हां बायकांची दमछाक होते.

गेल्या श्रावणापासून आम्ही झिंझोटीतली चाल बसवीत आहोत. काकू अजून मध्येच आपल्या शाळेत जातात. त्यांचे वय पाहून त्या तेवढ्या ओळीला मीच पेटी थांबविते.