आवाजाचे मोल

आमच्या घरी संध्याकाळी डोरेमॉन सुरू झाला की मोठ्या माणसांनी गप्प बसायचे, असा दंडक आहे. ते निळे जपानी मांजर आमच्याकडे हिंदीत बोलते. एकदा नातीने विचारले, "आबा, याच्या आत कोण बोलतं?" आम्ही आयुष्यभर हजेरीपटावरील नावे मोजली, पण हे नाव आम्हाला सांगता आले नाही. ते शोधताना जो इतिहास हाती लागला, तो आज आपणापुढे ठेवीत आहोत. आमचे शिक्षण शाळेत थोडे आणि युनियनच्या कचेरीत पुष्कळ झाले. तेव्हा पंडिती विवेचन आमच्याकडून होणार नाही. मजुरीचा हिशेब मात्र आम्हाला कळतो.

मूकपटांच्या काळी जपानमध्ये पडदा मुका होता, चित्रगृह मुके नव्हते. पडद्याशेजारी 'बेन्शी' नावाचा निवेदक उभा राही. तो कथा सांगे आणि नायक, नायिका, खलपुरुष या सर्वांची भाषणे एकटा म्हणे. लोक नटाइतकेच बेन्शीचे नाव पाहून तिकीट काढीत. १९२०च्या दशकाच्या अखेरीस असे सहा हजारांहून अधिक बेन्शी तेथे होते. पुढे परदेशी बोलपट आले. १९३१ मध्ये 'मोरोक्को' हा चित्रपट जपानी अक्षरे पडद्यावर उमटवून दाखविण्यात आला, आणि त्याच वर्षी शोचिकू कंपनीने स्वतःचा बोलपट काढला. बेन्शींना घरी बसविण्यास सुरुवात झाली. १९३२ मध्ये टोकियोत त्यांनी संप पुकारला. संपसमितीचा पुढारी होता हेइगो कुरोसावा. व्यवसायातील त्याचे नाव सुदा तेइमेइ. संप फसला. १९३३ मध्ये त्या तरुणाने आपला जीव दिला. त्याचा धाकटा भाऊ अकिरा पुढे जगद्विख्यात दिग्दर्शक झाला.

हा संप का फसला? आमच्या मते कारण साधे आहे. यंत्र दारात येऊन बसले, मालकाचे काम अडेनासे झाले, आणि मग संपाचे हत्यार उपसले गेले. ज्याच्यावाचून काम अडते त्याच्याच संपाला धार असते.

आवाजाचा धंदा मात्र संपला नाही. १९२५ साली नभोवाणी सुरू झाली होती. तिच्या नाटकांतून केवळ आवाजाने अभिनय करणारा नट तयार झाला. त्याला 'सेइयू' म्हणतात. १९५३ मध्ये दूरचित्रवाणी आली. मोठ्या चित्रपट कंपन्यांनी तिला प्रतिस्पर्धी मानून आपले नट व चित्रपट अडवून धरले. तेव्हा अमेरिकन मालिका आणून त्यांना जपानी आवाज देणे भाग पडले. हे काम रंगभूमीवरील गरजू नटांनी पत्करले. १ जानेवारी १९६३ रोजी तेझुका ओसामू यांच्याच 'मंगा'वरून, म्हणजे चित्रकथेवरून, केलेली 'अ‍ॅटम' ही मालिका सुरू झाली. त्या यंत्रबालकाला आवाज दिला शिमिझू मारी या बाईंनी. मालिका मात्र खर्चापेक्षाही कमी किमतीत विकली गेली. पडत्या दराने घेतलेले कंत्राट अखेर कोणाच्या पाठीवर बसते, हे कामगारांना सांगावे लागत नाही.

मोबदला तुटपुंजा, आणि कार्यक्रम पुन्हा दाखविला तर एक पैही नाही, अशी सेइयूंची स्थिती होती. ऑगस्ट १९७३ मध्ये त्यांनी एक दिवसाचा संप केला. ज्यांचा चेहरा कोणी पाहिला नव्हता ते टोकियोच्या रस्त्यावर मोर्चाने उतरले. मोबदला जवळजवळ तिप्पट झाला. पुनःप्रक्षेपणाचा हक्क पुढे आणखी झगडून मिळाला. यावेळी काम त्यांच्यावाचून अडत होते, आणि निरनिराळ्या नाटकमंडळ्यांतील माणसे एक झाली होती. तरीही सर्व आबादीआबाद झाले असे समजू नये. तेथे मोबदला वाक्यांच्या संख्येवर नव्हे, तर श्रेणीवर ठरतो. अगदी खालच्या श्रेणीतल्या नवोदिताचा दर अर्ध्या तासाच्या भागाला १५,००० येन असा राहिला, आणि महिन्याकाठी असे किती भाग मिळतील याची हमी नाही.

आता यंत्र पुन्हा दारात आले आहे, आणि यावेळी ते माणसाचाच आवाज उचलून बोलते. ऑक्टोबर २०२४ मध्ये २६ जपानी सेइयूंनी विनापरवाना केलेल्या अशा नकलेविरुद्ध जाहीर मोहीम उघडली. आमचे यंत्राशी वैर नाही. पण ज्याच्या गळ्यातून तो आवाज आला त्याची संमती घ्यावी, त्याला दाम द्यावा आणि आवाज यंत्राचा असेल तर लोकांना तसे सांगावे, यात अवाजवी काय आहे? १९३२ साली हातून निसटलेली वेळ अजून हातात आहे, एवढेच आम्हाला सुचवावयाचे आहे.

नातीला आम्ही उत्तर दिले. जपानीत १९७९ ते २००५ अशी सव्वीस वर्षे ओयामा नोबुयो बोलल्या. २०२४ साली त्या वारल्या. हिंदीत सोनल कौशल बोलल्या. ती म्हणाली, "म्हणजे आत माणूस आहे!" आम्ही म्हटले, "हो बाळ. तेच विसरायचे नाही."