मागच्या चाकाची कथा

मी चित्रकलेचा मास्तर. शिक्षण दहावीपर्यंत, वर चित्रकलेची एक पदविका. कादंबऱ्या लिहितो ते निराळेच. यंत्रांविषयी लिहिण्याचा माझा काडीचाही अधिकार नाही. परंतु गेल्या वर्षी सायकलीच्या मागच्या शॉकअपने माझी अशी काही फजिती केली, की त्या वस्तूचा इतिहास धुंडाळल्यावाचून मला चैन पडेना. तो इतिहासच आज वाचकांपुढे मांडावयाचा आहे. मात्र फजितीची हकीकत आधी सांगितली पाहिजे, कारण तिच्यात माझ्या हातून एका मुलावर अन्याय झाला.

मुलगा नववीतला. गाव मुळशी धरणाच्या पाण्याकाठचे. मी त्याचा वर्गशिक्षक. रोज पहिल्या तासाला त्याला उशीर होई आणि रोज मी त्याला दाराबाहेर उभा करी. एकदोनदा नव्हे, चांगले दोन महिने. कारण विचारले की मान खाली. सायकल मात्र साऱ्या वर्गात त्याची रुबाबदार! जाड टायर, पुढच्या चिमट्याला दोन शॉकअप आणि सीटखाली लालभडक स्प्रिंगचा तिसरा. बापाने आंबेमोहोराचे पैसे आले तेव्हा हौसेने घेऊन दिलेली. “एवढी भारी सायकल असून उशीर?” असे मी एकदा सर्वांदेखत म्हणालो होतो. पोरे हसली. ते हसू मला अजून ऐकू येते.

श्रावणात एके दिवशी माझी मोटारसायकल सुरू होईना, आणि बँकेत तर जायचे होते. मी त्याची सायकल मागून घेतली. पहिला चढ लागला मात्र, माझ्या ध्यानात सारा प्रकार आला. पॅडल दाबले की सीट खाली जाई, पाय सैल केला की वर येई. मी चढ चढत होतो की भात कांडत होतो, हेच कळेना. पायांतला निम्मा जोर त्या लाल स्प्रिंगेत जिरत होता. खाली उतरून पाहिले तर सीटच्या मागे दोन लोखंडी आकडे लावलेले. परत आल्यावर विचारले तेव्हा कुठे उलगडा झाला. पहाटे दुधाचे दोन कॅन त्या आकड्यांना लटकवून तो डेअरीवर जाई आणि तिथून तसाच शाळेत येई. हे त्याने मला आधी का सांगितले नाही? वर्गात त्याला दूधवाला म्हणतील म्हणून. सायकल दोष देण्याजोगी आहे, हे तर त्याच्या मनातही आले नव्हते. तीन शॉकअपांची सायकल वाईट कशी असेल?

आता हा चढ कुठून आला, तेही थोडे सांगतो. इतिहासाचा लेख म्हटला की मुळशीच्या माणसाला ते टाळता येत नाही. पूर्वी ह्या खोऱ्यातली गावे खाली, नदीच्या अंगाने, भाताच्या खाचरांना लागून होती. टाटांच्या वीज कंपनीने धरण बांधावयास घेतले तेव्हा १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीच्या दिवशी, मावळ्यांनी सत्याग्रह मांडला. सेनापती बापटांना सेनापती हे नाव लाभले ते ह्याच लढ्यातून. तो १९२४ पर्यंत चालला आणि शेवटी पाणी चढलेच. पाणी डोंगरापलीकडे कोकणात भिऱ्याला उतरते आणि त्याची वीज होते. जमिनी आणि जुन्या वाटा तळाशी गेल्या, कित्येक घरे वर सरकली. माझ्या विद्यार्थ्याच्या वाटेवरचे चढ असे शंभर वर्षांपूर्वीचे आहेत.

असो. मागच्या चाकाकडे वळू.

बैलगाडीला स्प्रिंग नसे. टांग्याला असे, पोलादी पट्ट्या एकावर एक रचून केलेली कमान. ती कमान विलायतेत घोडागाड्यांना एकोणिसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत लागली होती. ओबाडिया इलियट ह्या इंग्रज कारागिराने १८०४ साली तिच्या लंबगोल जातीचा हक्क मिळवला. सायकल जन्मली तेव्हा तिची चाके लाकडी, लोखंडी धावेची. तिच्यावर बसणाऱ्यांनी तिला ‘हाडे खिळखिळी करणारी’ असेच नाव ठेवले होते. साहजिकच स्प्रिंगचा शोध सुरू झाला. १८८५ साली लंडनच्या लिनली आणि बिग्ज ह्यांनी ‘व्हिपेट’ नावाची सायकल काढली. व्हिपेट म्हणजे एका जातीचा चपळ शिकारी कुत्रा. तिची युक्ती फार सुंदर होती. सीट, हँडल आणि पॅडल ही तिन्ही एका ताठ चौकटीत जखडलेली, आणि ती चौकट एका मोठ्या स्प्रिंगेने बाकीच्या सांगाड्यापासून अलग केलेली. धक्का चाकाला बसे, माणसाला नाही. हात, पाय आणि बैठक ह्यांतले अंतर मुळीच बदलत नसे. चित्रकलेच्या मास्तराला तरी तिची आकृती पाहून हेवा वाटतो.

पण तीन वर्षांत तिचे दिवस भरले. १८८८ साली बेलफास्टच्या जॉन बॉइड डनलॉप ह्या जनावरांच्या डॉक्टराने आपल्या मुलाच्या तीनचाकीला हवा भरलेली रबरी नळी बांधली आणि धक्क्याचा प्रश्न सुटला! रबर आणि हवा, बस्स. ना स्प्रिंग, ना वजन, ना कुरकुर. व्हिपेट आणि तिची भावंडे हळूहळू अडगळीत गेली. मौज पाहा, त्याच १८८८ सालाशी आपल्याकडच्या किर्लोस्कर उद्योगाचा आरंभ जोडला जातो, आणि तो झाला बेळगावातल्या सायकलच्या दुकानाने. लक्ष्मणराव किर्लोस्कर तेव्हा मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली तांत्रिक संस्थेत ड्रॉइंग शिकवीत. म्हणजे ड्रॉइंग मास्तर सायकलीच्या नादी लागला, असा मी काही पहिलाच नव्हे.

त्यानंतर जवळजवळ शंभर वर्षे सायकलीच्या मागच्या चाकाकडे कोणी फारसे पाहिले नाही. आमच्या आजोबांच्या सायकलीला स्प्रिंग होती ती फक्त कातडी सीटखाली. १९६२ साली अॅलेक्स मोल्टन ह्या इंग्रज इंजिनियराने छोट्या चाकांची आणि दोन्हीकडे धक्के सोसणारी सायकल काढली. पण ती शहरी रस्त्यांसाठी. खरी विद्या वाढली ती मोटारसायकलीवर. १९४९ च्या बुलेटला मागे झुलता चिमटा आणि दोन शॉकअप होते, आणि १९५५ पासून बुलेट मद्रासेत जुळू लागल्यावर आपल्या रस्त्यांनाही ती ओळखीची झाली. मोटारसायकलीला जोराची ददात नसते. स्प्रिंगेत थोडा वाया गेला तर काय बिघडले? सायकलीला मात्र इंजिन म्हणजे आपली तंगडी.

ती उणीव पुन्हा डाचू लागली ती डोंगरात. कॅलिफोर्नियात मरिन परगण्यातल्या टॅमलपाइस डोंगराच्या अंगाखांद्यावर काही वेडी पोरे जुन्यापुराण्या जाड टायरांच्या सायकली घेऊन उतारावरून सुटत. ऑक्टोबर १९७६ मध्ये त्यांनी शर्यत लावली. ब्रेक मागच्या हबमधला, पॅडल उलटे दाबून लावायचा. खाली पोहोचेपर्यंत हबमधले ग्रीस जळून जाई आणि ते पुन्हा भरावे लागे, म्हणून शर्यतीचे नावच ‘रीपॅक’ पडले. त्या उनाडपणातून डोंगरी सायकल जन्मली. १९८९ साली पॉल टर्नरने पुढच्या चाकासाठी तेल-हवेचा चिमटा विकावयास काढला, आणि १९९० साली ड्युरँगो येथे झालेल्या पहिल्या जागतिक डोंगरी सायकल स्पर्धेत उताराची शर्यत ग्रेग हर्बोल्डने तशाच चिमट्यावर जिंकली. पुढचे चाक मार्गी लागले. मागचे अवघडच राहिले.

का, ते त्या श्रावणातल्या चढावर मी पायांनी शिकलो होतो. मागच्या चाकाला साखळी जोडलेली असते. पॅडल दाबले की साखळी ओढते, वजन मागे झुकते, आणि चिमटा झुलता असल्यामुळे सायकल खाली बसते. ऑस्ट्रियातून कॅलिफोर्नियात गेलेल्या होर्स्ट लाइटनर ह्या मोटारसायकलवाल्याने नव्वदीच्या आरंभी ह्यावर एक तोड काढली. एकच दांडा झुलवण्याऐवजी चार दांड्यांची सांध्यासांध्यांतून हलणारी चौकट, आणि तिच्यातला एक सांधा मागच्या आसाच्या किंचित पुढे व खाली. चाक वर जाताना कोणत्या वाटेने जाते, हे त्या सांध्याने ठरवता येऊ लागले. ब्रेक लावल्यावरही चाक खड्ड्यादगडांतून मोकळे हलत राही. १९९८ साली एका मोठ्या अमेरिकन कंपनीने त्याचे हक्क विकत घेतले, यावरून त्या एका सांध्याची किंमत समजावी. पुढे इतरांनीही सांधे हलवून पाहिले. साखळीची ओढच सायकलीला खाली बसू देणार नाही, अशा जागा शोधून काढल्या.

हे सारे मी वाचून शिकलो. पण शॉकअप लावतात कसा, हे शिकवले पौडच्या बाजारातल्या एका सायकलवाल्या काकांनी. रविवारी ताम्हिणीकडे जाणाऱ्या शहरी मंडळींच्या सायकली हल्ली त्यांच्याकडे थांबतात. एकदा एक तरुण आला. सायकलीची किंमत माझ्या मोटारसायकलीहून जास्त, पण मागचे चाक प्रत्येक दगडाला लाथ मारते अशी तक्रार.

काकांनी त्याला पाठीवरची पिशवी, पाण्याच्या बाटल्या, सगळ्यासकट भिंतीचा आधार घेऊन सीटवर बसवले. शॉकअपच्या चकचकीत दांड्यावर रबराची एक बारीक कडी असते. ती त्यांनी वर सरकवून तोंडाशी लावली. “आता हळू उतरा. उडी न्हाई मारायची.” तो उतरला, दांडा बाहेर आला आणि कडी जिथवर दबला तिथे राहिली. पट्टीने मोजले, आठ मिलिमीटर. दांड्याची सगळी चाल पन्नासची.

“पन्नासात तेरा ते पंधरा बसाय पायजे,” काका म्हणाले. “तुमचा बसतच न्हाई, मग लाथ मारंल न्हाई तर काय करंल?”

मला वाटे, शॉकअप म्हणजे टेकाड आले की दबणारी वस्तू. ते अर्धेच खरे. खड्डा आला की चाकाला खालीही उतरता आले पाहिजे. आणि माणूस नुसता बसला असतानाच स्प्रिंग थोडी दबलेली असेल, तरच ते उतरेल. चालीचा चौथा हिस्सा ते तीस टक्के अशी ती आधीच दिलेली सूट. ती प्रत्येकाच्या वजनाने निराळी निघते, म्हणून दुकानातून भरून आणलेली हवा कामाची नाही. त्या हवेचा दाबही साधा नव्हे. दीडशे-दोनशे पौंड म्हणजे मोटारीच्या टायरच्या कैक पट, आणि त्याला वेगळा छोटा पंप लागतो. काकांनी थोडी थोडी हवा सोडून, मध्ये दोनचारदा दाबून, पुन्हा मोजून कडी चौदावर आणली. मग तांबड्या बटनाकडे वळले. त्यावर एका बाजूला ससा आणि दुसऱ्या बाजूला कासव कोरलेले. हे बटन उसळीचे. शॉकअपच्या पोटातले तेल बारीक भोकांतून जाते. भोक लहान केले की दांडा कासवासारखा परततो, मोठे केले की सशासारखा. त्या तरुणाने बसल्या बसल्या दुकानाची पायरी उतरली. सायकल दोनतीनदा उसळली. काकांनी बटन दोन टिचक्या कासवाकडे फिरवले. आता ती एकदा उसळून थांबली.

“फार कासव करू नगा. एका दगडावनं वर यायच्या आत दुसरा आला, की दबतच जाईल,” एवढे बजावून त्यांनी पैसे किती घेतले म्हणता? तीस रुपये.

माझ्या विद्यार्थ्याची सायकल मी दुसऱ्या दिवशी त्यांच्याकडे नेली. त्यांनी स्प्रिंग दोनदा दाबून पाहिली आणि मान हलवली. आत तेलच नव्हते. नुसती स्प्रिंग, घेतलेला जोर जसाच्या तसा परत फेकणारी. वरची चकती आवळली तर काम होईल, असे मी सुचवले. ते हसले. चकती आवळल्याने स्प्रिंग कडक होत नाही, तिचे दबणे फक्त उशिरा सुरू होते. दोन आटे ठीक, पुढे आवळली तर खड्ड्यात उतरणेच बंद. शिवाय ह्या पोराचे वजन एक नाही. सकाळी दुधासकट, संध्याकाळी दुधावाचून. मग त्यांनी मुलाला भरलेल्या कॅनांसह सीटवर बसवले, शॉकअपच्या एका बोल्टपासून दुसऱ्या बोल्टपर्यंतचे अंतर तसेच दबलेल्या अवस्थेत मोजून घेतले, आणि तेवढ्याच अंतरावर भोके पाडून एक जाड लोखंडी पट्टी तयार केली. शॉकअप काढला, पट्टी बसवली. सायकल मागून ताठ झाली. टायरांत मात्र थोडी हवा कमी ठेवली. १८८८ सालीच जणू आम्ही परत गेलो!

मुलगा गप्प होता. काढलेली लाल स्प्रिंग त्याने हातात धरली होती. “सर, हा टाकून नाही ना द्यायचा?” मी त्याला ती फडक्यात बांधून माझ्या कपाटात ठेवायचे कबूल केले, आणि तिथेच, काकांच्या देखत, त्या दोन महिन्यांबद्दल त्याची क्षमा मागितली. त्याला काय बोलावे ते सुचेना. तो चेनला तेल घालू लागला.

उशीर पार गेला असे नव्हे. डेअरीत काट्यापुढे रांग असली की दहा मिनिटे जातातच. म्हणून मी हजेरी तासाच्या शेवटी घेऊ लागलो. आता तो दहावीत आहे. सुट्टीत काकांकडे बसतो, पाहुण्यांच्या सायकलींच्या कड्या मोजतो. गेल्या आठवड्यात तो फडके मागायला घरी आला. दिवाळीच्या सुट्टीत दुधाची पाळी धाकट्या भावाची, तेव्हा चार दिवस पट्टी काढून शॉकअप चढवायचा आणि डोंगराच्या वाटेवर सायकल नेऊन पाहायची, असा बेत.

“चकती किती आवळणार?” मी विचारले.

“बसून बघतो ना सर आधी,” तो म्हणाला, “एकटाच.”