टी-शर्ट मिळाला, वेळ राहिला

गेल्या वर्षी आमच्या ऑफिसात रोज दहा हजार पावलं चालायची स्पर्धा झाली. सगळ्यांना छातीवर कंपनीचं नाव असलेला टी-शर्ट मिळाला. पहिला नंबर आला तो रोज संध्याकाळी आपला मोबाइल मुलाच्या खिशात घालून त्याला मैदानावर पाठवणाऱ्याचा! सगळे खूप हसले. मी जरा कमी हसलो, कारण त्याच महिन्यात माझ्या रक्तात साखर निघाली होती. तेव्हापासून पहाटे बुलढाण्याच्या राजूर घाटाकडे चालायला जातो, तोच टी-शर्ट घालून. चालताना विचार येतो, खेळामागे असा उद्योगाचा पैसा आला कधी?

गोष्ट बरीच मागे जाते. १९१९ साली पुण्याच्या डेक्कन जिमखान्याच्या शर्यतींत शेतकऱ्यांची पोरं अनवाणी धावली. ना सराव, ना प्रशिक्षक. जिमखान्याचे अध्यक्ष सर दोराबजी टाटा थक्क झाले. १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकला संघ पाठवायला त्यांनी स्वतःच्या खिशातून पैसे घातले. बेळगावचे फडेप्पा चौगुले तिथे मॅरेथॉनमध्ये एकोणिसावे आले. त्यांच्या छातीवर कुठल्या कंपनीचं नाव नव्हतं.

पुढे १९३७ मध्ये टाटा स्पोर्ट्स क्लब निघाला. मुंबईत टाइम्स शील्डसाठी ऑफिसा-ऑफिसांत क्रिकेटचे सामने रंगू लागले. वाडेकर स्टेट बँकेत, गावसकर निरलॉनमध्ये, वेंगसरकर टाटांकडे. क्रिकेटमध्ये फारसा पैसा नव्हता त्या काळात कंपनीने खेळाडूला दिलं काय? नोकरी, दरमहा पगार आणि खेळायला सुटी. खरं प्रायोजकत्व ते. पण त्यातही एक गोम होती. अकरा जण खेळायचे, बाकीचे टाळ्या वाजवायचे आणि परत खुर्चीत जाऊन बसायचे.

बाकीच्यांचा विचार वेगळ्याच वाटेने झाला. १९५३ साली मुंबई राज्यात कामगार कल्याण निधीचा कायदा झाला. जून आणि डिसेंबरच्या पगारातून छोटीशी रक्कम कापली जाते ना, ती याच निधीची. मालकही आपला वाटा भरतो. त्यातून कामगार कल्याण केंद्रं चालली, व्यायामशाळा आल्या, कबड्डीचे सामने आणि 'कामगार केसरी'च्या कुस्त्या झाल्या. गिरणीतला, कारखान्यातला साधा माणूस पाळी संपवून तालमीत जाऊ शकला. आपल्यापैकी किती जणांना ही कपात कशाची ते माहीत असतं?

मग २००४ साली मुंबई मॅरेथॉन सुरू झाली, आधी स्टँडर्ड चार्टर्ड बँकेच्या नावाने आणि २०१८ पासून टाटांच्या. म्हणजे चौगुल्यांच्या शर्यतीनंतर जवळजवळ शंभर वर्षांनी मॅरेथॉन पुन्हा टाटांपाशी आली. फरक एवढाच, की आता हजारो नोकरदार स्वतः धावतात. ही मला मोठी गोष्ट वाटते.

पण धावायला आधी सराव लागतो, आणि सरावाला वेळ. गावसकरांना कंपनीने जे दिलं ते हेच होतं, वेळ. आमच्याकडे टी-शर्ट आला, पण संध्याकाळी सातची मीटिंग काही हलली नाही. मग पावलं मुलाच्या खिशातूनच मोजली जाणार, दुसरं काय होणार?

असो. पुढच्या वर्षी स्पर्धा झाली तर मी साहेबांकडे अर्ज करणार आहे. टी-शर्ट नको, जुना आहे तो चालेल. रोजचा अर्धा तास तेवढा द्या.