जोडविमान चुकणे व भाडेपरतावा (खराब हवामानामुळे)

धुके, अतिवृष्टी, वादळ किंवा हिमवृष्टी यांमुळे पहिले विमान उशिरा पोहोचले, दुसरीकडेच उतरवले गेले किंवा रद्द झाले आणि त्यामुळे पुढचे विमान (बोलीभाषेत कनेक्टिंग फ्लाइट) सुटले, तर न झालेल्या प्रवासाचे भाडे परत मिळण्यासंबंधीचे नियम व प्रथा. येथे दोन हक्क वेगळे धरावे लागतात. परतावा म्हणजे भरलेल्या भाड्याची परतफेड. भरपाई म्हणजे गैरसोयीबद्दल त्याखेरीज मिळणारी रक्कम. हवामानाचे कारण भरपाईच्या आड येते, परताव्याच्या नाही. काउंटरवर मात्र ‘हवामानामुळे काही मिळणार नाही’ या एकाच वाक्यात दोन्हींची बोळवण होते, आणि तंट्याचे मूळ पुष्कळदा तेथेच असते.

एक तिकीट की दोन : सगळा प्रवास एकाच पीएनआरवर, एकाच तिकीट क्रमांकाखाली असेल तर मुक्कामापर्यंत पोहोचवण्याची जबाबदारी कंपनीची राहते. मधला दुवा तुटला तर पुढच्या विमानात जागा देणे किंवा न वापरलेल्या टप्प्याचे पैसे परत करणे तिला भाग असते. स्वस्त पडते म्हणून नागपूर–मुंबई एका कंपनीचे आणि मुंबई–लंडन दुसरीचे अशी स्वतंत्र तिकिटे काढली, तर दुसऱ्या कंपनीच्या लेखी तो प्रवासी केवळ न आलेला प्रवासी ठरतो. पहिल्या विमानाला उशीर का झाला, याच्याशी तिला कर्तव्य नसते. अशा वेळी भाडे बुडते. विमानतळ विकास शुल्कासारखे वैधानिक कर व शुल्क तेवढे परत मागता येतात, तिकीट ‘नॉन-रिफंडेबल’ असले तरीही. मुंबईत टर्मिनल १ आणि टर्मिनल २ यांच्यामधला प्रवास रस्त्याने करावा लागतो. २०२५ मध्ये उद्घाटन झालेल्या नवी मुंबई विमानतळामुळे जोडप्रवास दोन वेगळ्या विमानतळांवर विभागला जाण्याची शक्यताही आली आहे. पावसाळ्यात स्वतंत्र तिकिटे काढणाऱ्याने हे अंतर गृहीत धरलेले बरे.

भारतीय नियम : नागरी विमानवाहतूक महासंचालनालयाच्या (डीजीसीए) नियमावलीतील विभाग ३, मालिका एम, भाग ४ हा या विषयाचा मुख्य आधार. तो १५ ऑगस्ट २०१० पासून लागू झाला व नंतर अनेकदा सुधारला गेला. विमान रद्द झाल्याची सूचना ठरल्या मुदतीत दिली नाही, किंवा त्याच तिकीट क्रमांकावरचे जोडविमान चुकले, तर पर्यायी विमान द्यावे अथवा पूर्ण परताव्याशिवाय उड्डाणाच्या कालावधीनुसार ५,०००, ७,५०० किंवा १०,००० रुपयांपर्यंत भरपाई द्यावी, अशी त्याची मांडणी आहे. मूळ भाडे व इंधन अधिभार यांची बेरीज याहून कमी असेल तर तेवढीच रक्कम मिळते. मात्र हवामान, हवाई वाहतूक नियंत्रण, सुरक्षेचा धोका, पूर, दंगल इत्यादी कंपनीच्या आवाक्याबाहेरच्या कारणांना भरपाईतून सूट आहे. सहा तासांहून अधिक विलंब होणार असेल तर पर्यायी विमान किंवा पूर्ण परतावा देऊ करावा लागतो. परताव्याची कार्यपद्धती त्याच मालिकेच्या भाग २ मध्ये आहे. पैसे रोख न देता पुढच्या प्रवासासाठी ‘क्रेडिट शेल’मध्ये ठेवायचे की नाही, हे प्रवाशाने ठरवायचे असते, कंपनीने नव्हे.

धुक्यात अडकलेले विमान दुपारी स्वच्छ आकाशाच्या गावी उशिरा पोहोचले आणि तिथून पुढची उड्डाणे रखडली, तर भरपाईतून सूट देताना तेही हवामानच मानायचे का, याबद्दल मतभेद आहेत.

न्यायनिर्णय : सर्वोच्च न्यायालयाचा ४ जुलै २०११ चा इंटरग्लोब एव्हिएशन (इंडिगो) निकाल या विषयात वारंवार उद्धृत होतो. प्रकरण जोडविमानाचे नव्हते, तरी हवामान व कंपनीचे दायित्व यांची सीमारेषा त्यात आखली गेली. १४ डिसेंबर २००७ रोजी दिल्लीहून हैदराबादला सकाळी सुटणारे विमान दाट धुक्यामुळे सुटू शकले नाही. पुढे ते दुसऱ्या उड्डाणाशी जोडण्यात आले आणि प्रवासी सायंकाळपर्यंत विमानातच बसून राहिले. भाडे परत घेण्याचा पर्याय होता. तक्रारदार प्रवाशाने थांबणे पसंत केले. हैदराबादच्या कायमस्वरूपी लोकअदालतीने त्याला १०,००० रुपये भरपाई व २,००० रुपये खर्च मंजूर केला. सर्वोच्च न्यायालयाने तो आदेश रद्द केला : धुक्यामुळे झालेला विलंब ही सेवेतील त्रुटी नव्हे, म्हणून भरपाई नाही. पण विलंबाच्या काळात खाणेपिणे व किमान सोय पुरवण्याचे कर्तव्य वेगळे आहे आणि ‘आम्ही स्वस्त सेवा देतो’ असे म्हणून कोणत्याही कंपनीला त्यातून सुटता येत नाही, हेही न्यायालयाने बजावले. फक्त दिल्लीच्या न्यायालयांत दाद मागता येईल, ही तिकिटावरची अट लोकअदालतीला लागू होत नाही, हा त्याच निकालाचा दुसरा भाग. वर्तमानपत्रांतून पहिल्या भागाला जेवढी प्रसिद्धी मिळाली तेवढी या भागाला मिळाली नाही. प्रवाशाच्या दृष्टीने तो अधिक उपयोगाचा आहे.

रेल्वेला उशीर होऊन जम्मू–श्रीनगर विमान चुकल्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०२१ रोजी उत्तर पश्चिम रेल्वेला दायी धरले. विलंबाचे कारण सिद्ध करण्याचा भार सेवा देणाऱ्यावर आहे, हे त्यातील सूत्र विमान कंपन्यांविरुद्धही मांडता येते. ‘खराब हवामान’ असे नुसते म्हणणे पुरेसे नाही. त्या तासाचे विमानतळावरील हवामान निवेदन कंपनीने दाखवावे, असा आग्रह धरता येतो.

महाराष्ट्र व गोव्याशी निगडित घटना : २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिमी पाऊस झाला व मुंबई विमानतळ बंद पडला. तेव्हा वरील नियम अस्तित्वात नव्हते. १ जुलै २०१९ रोजी पावसात जयपूरहून आलेले विमान मुख्य धावपट्टीवरून पुढे घसरले आणि ती धावपट्टी काही दिवस बंद राहिली. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदत असल्याने अशा वेळी क्षमता पटकन घटते. जानेवारी २०२४ मध्ये दिल्लीतील धुक्यामुळे गोवा–दिल्ली विमान मुंबईला वळवण्यात आले आणि वैतागलेले प्रवासी विमानाशेजारी डांबरी फरशीवर बसून जेवले. त्याची चित्रफीत देशभर पसरली. नागरी विमान सुरक्षा विभागाने इंडिगोला १.२० कोटी, तर विमानतळ चालवणाऱ्या कंपनीला ६० लाख रुपये दंड केला. डीजीसीएने विमानतळाला आणखी ३० लाखांचा दंड ठोठावला. दंड सुरक्षा व व्यवस्थापनातील कसुरीचे होते आणि ते सरकारजमा होतात.

अन्य देश : यूरोपीय संघाचा विनियम २६१/२००४ (अंमल १७ फेब्रुवारी २००५) २५० ते ६०० यूरो भरपाई देतो, हवामानाला त्यात अपवाद आहे, परंतु जेवण व निवास देण्याचे कर्तव्य कायम राहते. फोल्केर्ट्स खटल्यात (२०१३) विलंब अंतिम मुक्कामी पोहोचण्याच्या वेळेवरून मोजावा, असे ठरले. ब्रेमेन–पॅरिस–साऊं पाउलू–आसुन्सिओन या त्या प्रवासात पहिलाच टप्पा अडीच तास रखडला होता. अमेरिकेत ऑक्टोबर २०२४ पासून देशांतर्गत ३ व आंतरराष्ट्रीय प्रवासात ६ तासांचा फरक पडला आणि प्रवाशाने पर्याय नाकारला, तर कारण काहीही असो, परतावा आपोआप द्यावा लागतो. भरपाईची सक्ती नाही. कॅनडात ४८ तासांत दुसरी जागा देता आली नाही तर परतावा मिळतो.

आंतरराष्ट्रीय करार : माँट्रियल करार (१९९९) भारताला २००९ पासून लागू आहे. विलंबाने झालेले प्रत्यक्ष नुकसान (हॉटेल, नवे तिकीट) त्याखाली मागता येते, पण टाळण्याचे सर्व वाजवी उपाय केले होते हे कंपनीने सिद्ध केल्यास ते मिळत नाही. मर्यादा २८ डिसेंबर २०२४ पासून प्रतिप्रवासी ६,३०३ एसडीआर (आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचे हिशेबाचे एकक). दावा करण्याची मुदत दोन वर्षे.

तक्रार : प्रथम कंपनीकडे, नंतर २०१६ मध्ये सुरू झालेल्या एअरसेवा संकेतस्थळावर. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार तक्रारदार राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगाकडे दाद मागता येते; त्यासाठी मुंबई वा दिल्ली गाठावी लागत नाही. बोर्डिंग पास, विलंबाचे लेखी प्रमाणपत्र व खर्चाच्या पावत्या जपून ठेवणे आवश्यक.

विमा : चुकलेल्या जोडविमानाचे संरक्षण काही प्रवास विम्यांत असते, अटी पॉलिसीनुसार भिन्न.