चेंडू उचलून देणारी

व्हॉलीबॉलच्या सामन्यात टाळ्या पडतात त्या चेंडू मारणाऱ्याला. तो चेंडू जाळ्यापाशी नेमक्या क्षणी आणि नेमक्या उंचीवर उचलून देणाऱ्या ‘सेटर’कडे प्रेक्षकांचे लक्ष क्वचितच जाते. याच उपेक्षित जागी उभे राहून एका खेळाडूने आपल्या देशाच्या क्रीडा-इतिहासाला वळण दिले. ती म्हणजे थायलंडची नुत्सारा तोमकोम.

बँकॉकच्या पश्चिमेकडील रात्चाबुरी प्रांतात १९८५ साली तिचा जन्म झाला. चिनी वा रशियन प्रतिस्पर्धिनींपुढे थाई मुली ठेंगण्या. खुद्द नुत्साराची उंची सुमारे १७० सेंटिमीटर. तेव्हा उंचीला उत्तर द्यावयाचे ते वेगाने! प्रशिक्षक कियात्तिपोंग यांच्या संघाने जो शीघ्र खेळ अंगीकारला, त्याचा भार मुख्यतः सेटरच्या बोटांवर होता. चेंडू बोटांना लागतो न लागतो तोच सुटावा आणि तो कोणाकडे जाणार हे समोरच्या उंच फळीस उमगू नये, ही तिची विद्या.

या विद्येच्या बळावर २००९ साली हनोई येथे बलाढ्य चीनला नमवून थायलंडने प्रथमच आशियाई अजिंक्यपद पटकावले. २०१३ साली मायदेशी, नाखोन रात्चासिमा येथे, जपानला हरवून ते पुन्हा मिळविले. मधल्या काळात, २०१२ च्या जागतिक ग्रां प्री स्पर्धेत थायलंडचा संघ चौथा आला आणि सर्वोत्कृष्ट सेटरचा मान नुत्साराला लाभला. पुढे तुर्कस्तानातील फेनेरबाहचे या नामांकित संघानेही तिला पाचारण केले.

ऑलिंपिकचे द्वार मात्र तिच्यासाठी उघडले नाही. २०१६ साली टोकियोतील पात्रता-स्पर्धेत जपानविरुद्धच्या निर्णायक पाचव्या डावात थायलंड १२-६ असा पुढे होता. विजयास अवघे तीन गुण हवे होते. परंतु वादग्रस्त लाल कार्डांच्या गोंधळात तो डाव १५-१३ असा हातचा निसटला. २०२० च्या जानेवारीत, घरच्याच मैदानावर, दक्षिण कोरियाने शेवटची आशाही मालवली. २०२१ साली नुत्सारा राष्ट्रीय संघातून निवृत्त झाली.

मग ही कारकीर्द अपुरी म्हणावी काय? केवळ पदके मोजणारा कदाचित तसे म्हणेल. परंतु २०२३ साली त्याच नाखोन रात्चासिमा येथे थायलंडने चीनला हरवून आशियाई अजिंक्यपद परत आणले. मैदानावर नुत्सारा नव्हती. तिने ज्या वेगवान खेळाची प्रतिष्ठा वाढविली, तो खेळ मात्र होता. चेंडू उचलून द्यावा आणि गुण दुसऱ्याच्या हातून घडू द्यावा, हा सेटरचा धर्म तिने निवृत्तीनंतरही पाळला, असेच म्हणावे लागेल.