मातीचे शिवलिंग

अहिल्याबाई होळकरांची तसबीर श्रोत्यांपैकी बहुतेकांनी पाहिली असेल. पांढरे वस्त्र, डोक्यावरून पदर आणि तळहातावर महादेवाची पिंड. आज महाशिवरात्रीच्या निमित्ताने त्या तळहाताविषयी चार शब्द सांगण्याचे योजिले आहे.

बाईंनी बांधविलेल्या देवळांची गणना शाळेतील मुलेही करतात. 1669 साली पाडले गेलेले काशीविश्वेश्वराचे मंदिर त्यांनी सुमारे 1780 च्या सुमारास पुन्हा उभे केले, सोमनाथाला 1783 साली नवे देऊळ दिले, वेरूळच्या घृष्णेश्वराचा जीर्णोद्धार केला. इतका दगड ज्यांनी देवाच्या कारणी लावला, त्यांच्या महेश्वरच्या वाड्यातील नित्याचे लिंगार्चन मात्र मातीच्या पिंडींचे होते! ब्राह्मणांनी सकाळी ओल्या मातीची चिमुकली लिंगे वळावीत, पाटावर मांडावीत, त्यांची पूजा करावी आणि मग ती सारी नर्मदेत सोडून द्यावीत. दुसऱ्या दिवशी पुन्हा माती. ही रीत महेश्वरच्या किल्ल्यात अद्याप चालू आहे.

अशा लिंगास पार्थिव म्हणतात. शिवपुराणात त्याच्या पूजेस शिवाची आठ नावे लावून दिली आहेत. माती उचलावयाची ती ‘हर’ या नावाने आणि विसर्जन करावयाचे ते ‘महादेव’ या नावाने. म्हणजे विसर्जन हे पूजा आटोपल्यानंतरचे आवरणे नव्हे, ते पूजेचेच एक अंग आहे. आपल्याकडे हरितालिकेला मुली वाळूची पिंड करतात, त्यांना हे निराळे सांगावयास नको. आणि आवाहनाच्या आधी ध्यान येते, हेही ध्यानात असू द्यावे. डोळे मिटून रूप मनात उभे करावयाचे, मग ते मातीत आहे असे मानावयाचे. हल्ली आपण ध्यानाचा श्लोक एका दमात म्हणून टाकतो आणि बेलाच्या पानांकडे वळतो. मला हे बरे वाटत नाही.

शिवरात्रीच्या चार प्रहरांच्या पूजेत मध्यरात्रीचा निशीथकाळ मुख्य मानतात. आपण ही तिथी माघ वद्य चतुर्दशी म्हणतो, महेश्वरकडे तिलाच फाल्गुन वद्य म्हणतात, रात्र एकच.

आता बाईंचे चरित्र थोडे आठवावे. 1754 साली कुंभेरीच्या वेढ्यात पती खंडेराव पडले. सती जाण्यास निघालेल्या सुनेला मल्हाररावांनी आवरले. 1766 साली ते स्वतः गेले आणि पुढच्याच वर्षी एकुलता मुलगा मालेराव. त्यानंतर 1795 पर्यंत त्यांनी राज्य केले ते शंकराचे म्हणून; आज्ञापत्रांवर स्वतःचे नाव न घालता ‘श्रीशंकर’ असे लिहवीत. चरित्रकार याला विनय म्हणतात. मला तो शब्द अपुरा वाटतो. घरातली माणसे एकामागून एक नदीकाठी पोचविलेल्या बाईच्या देवघरात रोज देव घडत होता आणि रोज नर्मदेत जात होता. आणि त्याच घरातून काशीला चिरे बसविण्याचे हुकूम सुटत होते. दगडाचे देऊळ पडू शकते, हे काशी आणि सोमनाथ या दोन्ही ठिकाणी बाईंना ठाऊक होतेच. तरी त्यांनी ते बांधले.

महेश्वरच्या घाटावर त्या मातीचा मागमूस राहत नाही. पाणी थोडा वेळ गढूळ होते, इतकेच.